लिहिता हात

४ जून

दादा,

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या दारातून हलतच नव्हते. "अकरा वर्षं तोंड शिवून बसलीस, आता कसला पान्हा फुटलाय?" असं म्हणाली, आणि शेवटी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली चिठ्ठी काढून दिली.

कामाचं आधी लिहिते. पत्र मध्येच फाडलंस तरी तेवढं तुझ्या नजरेखालून गेलेलं असेल.

मी चार वर्षं खपून एक फाँट तयार केलाय. टाकाने लिहिल्यासारखा, लफ्फेदार. एक मोठी कंपनी तो बाजारात आणते आहे. सगळ्यांना असं सांगितलं गेलंय की तो बाबांच्या अक्षरावरून केला. तसं नाही. तो तुझ्या कागदांवरून केलाय, जे तू कोऱ्या कागदांच्या रिमांमागे लपवून ठेवायचास. एकतीस जुलैच्या आत मला कंपनीला लिहून द्यायचंय की मूळ अक्षर कोणाच्या हातचं. त्या निवेदनात बाबांनी स्वतःचं नाव आधीच घातलंय. माझी सही तेवढी बाकी आहे.

सही करण्याआधी तुझं म्हणणं मला हवंय.

फाँट तुला दाखवायला हवा होता. वेलांटी चार लांबींची केलीय. एकाच लांबीची वेलांटी सगळ्या अक्षरांना घातली की मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी दिसते. जोडाक्षरांना सहा महिने गेले. तू जिथे टाक उचलायचास तिथे मी कुठेही रेघ पुढे ओढली नाही. फाँटबरोबर एक छोटी पुस्तिका जाते, कुठे वापरावा आणि कुठे नाही याची. तीही मीच लिहितेय. लग्नपत्रिका, अत्तराची बाटली, केकचा खोका, हॉटेलच्या दारावरचं नाव. औषधाच्या वेष्टनावर नको, धोक्याच्या पाटीवर नको. सोळाच्या आकाराखाली नको, बारीक रेषा मरतात. एका शब्दात एकच लफ्फा.

चाचणी म्हणून चौकातल्या केस कापायच्या दुकानाच्या काचेवर तो सोनेरी रंगात लावलाय. परवा एक बाई तिथे थांबून नवऱ्याला म्हणाली, "अक्षर बघ जरा. नाहीतर तुझं, कोंबडीने पाय पुसल्यासारखं." तो म्हणाला, "तू कोंबडीशीच लग्न करायचं होतंस." मी दोन पावलांवर उभी होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की हे माझ्या भावाचं आहे. सांगितलं नाही.

बाबा बरे आहेत. माझा डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, जिन्यावरून घसरले. उजवा शाबूत आहे, त्यामुळे काम अडलेलं नाही.

तुझी
टिंब


२० जून

दादा,

उत्तर आलं नाही. येईलच असं धरून मी लिहिलं नव्हतं, असं लिहिणार होते, पण रोज पोस्टमनच्या वेळेला दुकानाबाहेर उभी राहते, तेव्हा ते राहू दे.

आधीच्या पत्रात एक खोटं होतं. जिना. आपल्या दुकानाला आणि घराला मिळून एकही जिना नाही, हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे ठाऊक असूनही मी तो लिहिला. झालं असं की निवेदनावर सही करायला मी बाबांकडे थोडे दिवस मागितले. त्यांनी माझा हात टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला आणि वरून कोपराने दाबला. डावा हात. तो नियम अजून तसाच आहे, लिहित्या हाताला धक्का लावायचा नाही.

शाळेत गेले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा नियम सगळ्या घरांत नसतो. पाचवीपर्यंत आपली शाळा म्हणजे बाबांचं टेबल. अक्षरं आपल्याला क्रमाने शिकवलीच नाहीत. आधी उभी रेघ, मग गाठ, मग वेटोळं. शाळेतल्या बाईंनी मुळाक्षरं म्हणायला सांगितली तर मी रेषांच्या हिशोबाने म्हणाले, आणि सगळा वर्ग खिदळला. मग शेजारची मुलगी माझी डावी बोटं बघून म्हणाली, "तू काय भिंतीशी मारामारी करतेस?" प्रत्येक चुकलेल्या रेघेला स्टीलच्या पट्टीची कड, रिकाम्या हातावर. मला वाटायचं रिकामा हात त्यासाठीच असतो.

आता परवाचं. कंपनीची तपासनीस बाई आली होती. उंच आहे, चष्मा गळ्यात, बोलता बोलता समोरचा कागद उलटा करून बघायची खोड. मूळ कागद तिने मागून घेतले. एकशे बारा, सगळे. तासभर एकेक उलटसुलट करून बघत होती. मग बाबांना म्हणाली, "आपण डावरे आहात?"

"आमच्या घराण्यात डावरं कोणी नाही," बाबा हसले. "आमचं सगळं उजवं."

"मग शिरोरेघ उजवीकडून डावीकडे का ओढलीत? शाई डाव्या टोकाला साचलीय. सगळीकडे."

"सवय."

"एकशे बारा कागदांवर एकदाही चुकली नाही, एवढी सवय?" तिने टाक पुढे केला. "एक शब्द लिहून दाखवता? कोणताही."

"कलावंताला असं हुकमावर नाचवत नाहीत, बाई."

"नाचायला कुठे सांगतेय? लिहायला सांगतेय."

बाबांनी लिहिलं. सुंदर लिहिलं दादा, हे मला लिहावंच लागेल. सत्तरीला आले तरी हात थरथरत नाही. पण शाई उजव्या टोकाला साचली. बाईंनी तो कागद उलटा केला, सुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "फाँट तुम्ही बांधलात. तुम्हाला माहीत असणारच."

मी म्हणाले, "निवेदनात लिहीन."

बाबा तिला दारापर्यंत सोडायला गेले. तिची छत्री आत राहिली होती ती नेऊन दिली. मग शटर ओढलं.

पट्टी पाठीवर सतरा वेळा बसली. मी मोजत होते, मोजलं की आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. प्रत्येक वेळी ते विचारत होते, "कागद कोणाचे?" आणि मी म्हणत होते, "तुमचे." शेवटचा फटका कानावर आला. त्या कानात अजून पाणी भरल्यासारखं आहे. अत्तराच्या खोक्याचा नमुना टेबलावर होता, त्याच्यावर रक्त सांडलं, तो पुन्हा छापायला लागला.

सतरा वेळा "तुमचे" म्हणाले. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

टिंब


६ जुलै

दादा,

माझंच पहिलं पत्र तू परत पाठवलंस आणि त्याखाली एक ओळ. "चाक कोणी फिरवलं ते लिही."

उजव्या हाताने लिहिली आहेस. बाबांनी गिरवून घेतलेलं वळण, एक रेघ इकडची तिकडे नाही. ते बघून मी पत्र पालथं ठेवलं आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका मोजत बसले.

लिहिते. तीन कागद फाडले, कारण प्रत्येक वेळी वाक्य असं होत होतं की चाक आपोआप फिरलं.

चाक मी फिरवलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. हेच मला आणखी कोणाला तरी लिहून द्यावं लागेल, तर आधी तुझ्यासमोर खरं उतरतंय का ते बघायचंय.

भर दुपार होती. तू अठरा वर्षांचा, मी तेरा. सोनार आपल्या मुलीच्या पत्रिका न्यायला आला होता. पत्रिकेवरून बोट फिरवत बाबांना म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा!" आणि तू आतून, कागद लावता लावता, म्हणालास, "हात माझा आहे."

बाबा सोनाराबरोबर हसले. "पोरं मोठी झाली की बापाची टोपी घालून बघतात," म्हणाले. त्याला दारापर्यंत सोडलं, "जपून, पायरी आहे," असंही म्हणाले. मग शटर.

तू पळाला नाहीस. का ते मला अजून कळलेलं नाही.

कागद कापायच्या यंत्राला वर चाक आहे. ते फिरवलं की लोखंडी दाबपट्टी खाली उतरते आणि गठ्ठा घट्ट धरते. मग दांडा ओढला की पातं. त्या दिवशी पात्याला कोणी हात लावला नाही. बाबांनी तुझी मान धरून तुला यंत्रावर वाकवलं आणि विचारलं, "हात तुझा, होय? कुठला?" तू बोलला नाहीस. बाबा म्हणाले, "उजवा राहू दे. उजव्याने घर चालतं." आणि तुझा डावा हात पट्टीखाली सरकवला. दोन्ही हातांनी तुला दाबून धरलेलं असल्यामुळे त्यांना चाकापर्यंत पोचता येईना.

"टिंबे, चाक फिरव."

मी तेरा वर्षांची होते, ही सबब म्हणून लिहीत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला डावं-उजवं कळतं. बाबा जेवून झोपले की तू रिमांमागे उकिडवा बसून डाव्या हाताने लिहायचास. बाबांसमोर उजव्याने काढायचास ती अक्षरं चांगली असायची, आणि डाव्याने काढायचास ती मी रात्री अंथरुणावर बोटाने गिरवायचे. "बाबांना सांगितलंस तर जीभ कापीन," असं तू म्हणायचास, आणि मग मला वाळलेला कागद वास घ्यायला द्यायचास. सोनाराच्या पत्रिकेवरचं अक्षर त्याच हाताचं होतं. बाबा आपला नियम पाळत होते. त्यांच्या हिशोबाने ते तुझा रिकामा हात शिक्षेला घेत होते. खोलीत आपण तिघं होतो आणि तो रिकामा नाही हे दोघांना माहीत होतं.

पहिल्या फेऱ्याला पट्टी टेकली. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस.

दुसऱ्या फेऱ्याला आवाज झाला. आधी एक, मग दोन लागोपाठ, ओला आवाज. तुझे पाय जमिनीवर घसरायला लागले आणि तुझ्या तोंडातून लाळ यंत्राच्या पत्र्यावर पडली. तू ओरडला नाहीस. बाबा म्हणाले, "अजून." मी आणखी अर्धा फेरा दिला. त्या अर्ध्या फेऱ्याला चाक जड लागलं, म्हणून मी दोन्ही हात लावले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले, दादा यंत्र पुसत होता. मला ते कोणी पढवलं नव्हतं. त्यांनी दोन बोटं काढली, तिसरं वाकडं बसलं, आणि आठव्या दिवशी तू हॉस्पिटलातूनच निघून गेलास.

मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आले की तुझ्या डाव्या हाताबद्दल बाबांना न सांगण्याचा तुला दिलेला शब्द पाळला, म्हणून गप्प राहिले. हे लिहिताना ते टिकत नाही. मला वाटलं होतं की मी तोंड उघडलं तर बाबा तुला सोडून माझ्याकडे वळतील. तेवढंच वाटलं होतं. शब्दाची आठवण नंतर झाली.

एक विचारायचंय, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तू पाहिलंस ते "सांग" म्हणून, की "सांगू नकोस" म्हणून?

टिंब


१९ जुलै

दादा,

तुझं कार्ड आलं. "तू सांगशील असं वाटलं होतं."

कार्ड मी खिशात ठेवते आणि काम करते. काल एका पत्रिकेवर नवऱ्या मुलाच्या जागी सासऱ्याचं नाव जुळवलं. बाबांना दिसायच्या आत गिऱ्हाइकालाच दिसलं. हसून म्हणाला, "ताई, लग्न माझं आहे, निदान पत्रिकेत तरी मला येऊ द्या." मी इतकी माफी मागितली की तो घाबरला.

आज सकाळी कंपनीच्या ऑफिसात जाऊन निवेदन दिलं. बाबांनी टाईप केलेलं नाही, माझं. साडेतीन पानं. मूळ अक्षर माझ्या भावाचं, डाव्या हाताचं. तो हात आता लिहू शकत नाही आणि त्याला कारण वडील आणि मी. चाक, फेरे, डॉक्टरांना सांगितलेलं, सगळं.

बाईंनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचलं.

"मूळ अक्षर भावाचं, एवढं एक वाक्य पुरे आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं फाडून टाका. हे चाक आणि फाँट, यांचा संबंध काय?"

"त्याने नंतर अक्षर का काढलं नाही, असं कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? लोक केकच्या खोक्यावर नाव छापणार आणि केक खाणार."

"कारण गाळून नुसतं त्याचं नाव दिलं तर मी त्याच्यावर उपकार केल्यासारखं दिसेल, बाई."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कोणी सांगितलंय का, की तुमच्याबरोबर काम करणं फार अवघड आहे?"

मी म्हणाले, "हो. तुमच्याच कंपनीत फाँटचे नमुने तपासणाऱ्याने." मग त्या थोड्या हसल्या, आणि पानं एका पाकिटात घालून त्यावर तारीख घातली.

आता नियम असा आहे की तुझ्या सहीशिवाय फाँट बाहेर पडणार नाही. फॉर्म सोबत ठेवलाय. सही करू नये असं तुला वाटलं तर करू नकोस. मी बाईंना सांगून ठेवलंय की तसं झालं तर तेच बरोबर, आणि मी नंतर तक्रार करणार नाही. पुस्तिकेचं शेवटचं पान मात्र लिहून टाकलं. अपूर्ण ठेवणं मला जमत नाही.

बाबांना अजून माहीत नाही. कंपनीचं पत्र शुक्रवारपर्यंत दुकानात पोचेल. मावशी म्हणते, "चार कपडे पिशवीत भर आणि आजच ये, तिथे काय डोंबलाचं राहिलंय तुझं?" तुझे कागद राहिलेत. बाईंकडून स्कॅन करून ते परत दुकानात आलेत आणि बाबांच्या कपाटात आहेत, किल्ली त्यांच्या कमरेला. ती कमरेची सुटते फक्त शुक्रवारी, ते तेल लावून अंघोळीला जातात तेव्हा. तेवढ्यात कागद घेईन आणि निघेन.

मला भीती वाटतेय. हे तुला सांगायचा हक्क मला आहे का, ते कळत नाही.

टिंब


२७ जुलै

दादा,

मावशीकडून लिहितेय. दोन ओळी लिहिल्या की थांबावं लागतं. प्लॅस्टर फुटल्यामुळे हात पुन्हा बांधलाय, पण लिहायचा हात ठीक आहे.

पत्र गुरुवारीच पोचलं. मी गिऱ्हाइकाकडे नमुने द्यायला गेले होते. परत आले तेव्हा अकरा वाजले होते, दुकान उघडं होतं आणि बाबा यंत्रापाशी उभे होते. तुझे कागद कापत होते. घाईने नाही. चार-चार कागद ठोकून, कडा जुळवून, नेहमीच्या गठ्ठ्यासारखे. पट्ट्या खालच्या टोपलीत पडत होत्या. अर्ध्याहून जास्त झाले होते.

"बाबा, थांबा."

"कोणाचे आहेत?" मागे न बघता ते म्हणाले.

"दादाचे."

"कोण दादा? या घरात एकच हात आहे." त्यांनी दांडा ओढला. "तुला खायला घातलं या हाताने. आणि तू कचेरीत जाऊन बापाचं धोतर सोडून आलीस."

"खरं ते लिहिलं."

"खरं? मग हेही लिही," असं म्हणून वळले आणि स्टीलची पट्टी प्लॅस्टरवर मारली. तीन-चार वेळा, एकाच जागी. प्लॅस्टर फुटून आतला कापूस बाहेर आला. मी यंत्राच्या पायाशी बसले. ते पुन्हा कागदांकडे वळले, मी उठेन असं त्यांना वाटलं नसावं.

पत्रिकांवर उठावाची अक्षरं दाबायचा पितळी ठसा बाजूच्या टेबलावर होता. विटेएवढा, एका हातात जेमतेम मावणारा. मी तो उचलला. बाबांचा डावा हात वर चाकावर होता. उजवा तुझ्या कागदांवर पसरलेला, कागद सरकू नयेत म्हणून.

मी बघितलं कुठला कुठला आहे ते. बघून उजव्यावर मारला.

मावशी म्हणते, "हातातून निसटला म्हण, दुखऱ्या माणसाच्या हातून काहीही निसटतं." बाई काल येऊन गेल्या, त्यांनी वकील बघून दिलाय. त्या म्हणतात, स्वतःला वाचवायला मारलं म्हणा, प्लॅस्टर दिसतंच आहे, पाठीवरचे वळ दिसतायत, कोण नाही म्हणेल. दोघीही माझ्यासाठी म्हणतायत. पण पहिला घाव बसल्यावर बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. ओरडायचंही त्यांना सुचलं नाही, इतकं ते त्या घरात अशक्य होतं. हात तसाच कागदांवर होता. त्यांनी तो काढून घेतला असता तर मी थांबले असते की नाही, मला माहीत नाही. मी श्वास घेतला. मग दुसरा मारला. बोटांच्या मुळाशी हाडं पत्रिकेच्या कडक कागदासारखी दुमडली आणि अंगठ्याचं नख उडून टोपलीत पडलं. त्यानंतर ते ओरडले.

कागद वाचवायला मारलं, असंही मला म्हणता येत नाही. सगळ्यांचे स्कॅन कंपनीकडे सुरक्षित आहेत हे मला माहीत होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स मीच बोलावली. त्यांच्या मनगटाला माझी ओढणी आवळून बांधली. गाडीत ते एकदाच बोलले. "टिंबे, पुढच्या आठवड्याच्या पत्रिका कोण लिहिणार?" डॉक्टर म्हणतात हात राहील, टाक धरता येणार नाही. हे ऐकून मला काय वाटलं ते मी तुला लिहिणार नाही. थोडं बरं वाटलं, आणि ते मला लपवायचं होतं.

उरलेले एक्केचाळीस कागद माझ्याजवळ आहेत. पट्ट्याही आणल्यात, पिशवीत. तू सांगशील ते त्यांचं करेन. जाळायला सांगितलंस तर जाळेन.

फॉर्म बाईंकडे तुझ्याकडून आला नाही अजून. त्याची आठवण करून द्यायला हे लिहीत नाही.

हॉस्पिटलातून पोलिसांना कळवलं गेलं. उद्या दहा वाजता माझा जबाब आहे. ते विचारतील, रागाच्या भरात झालं का. पहिला घाव रागाचा होता, हे मी म्हणू शकते. दुसऱ्याच्या आधी मी थांबले होते, आणि तो कुठला हात आहे हे मला ठाऊक होतं, तेही सांगणार आहे. वकील डोक्याला हात लावून बसलाय. म्हणतो, "ताई, तुम्ही माझ्या बाजूला आहात ना?"

माझ्या निवेदनातलं तुझं प्रकरणही पोलिसांनी वाचलंय. अकरा वर्षांपूर्वीचं असलं तरी ते बाबांना आणि मला दोघांना विचारणार आहेत, आणि त्यासाठी तुला बोलावतील. माझ्याविरुद्ध सांगावं लागेल. ते तू सांगावंस. चाक, फेरे, अर्धा फेरा, माझे दोन्ही हात.

त्रास होत असेल तर येऊ नकोस, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसतच असेल. खरं नव्हतं.

ये.

टिंब